देव्हाऱ्यातलं रुथेनियम

तुमचे प्रयोग फसले म्हणून रडताय? माझा यशस्वी झाला, तेच माझं दुखणं आहे.

आमच्या लॅबमध्ये रुथेनियम धातूचं एक लाल संयुग केलं होतं. उजेड पडला की रेणूचा तुकडा सुटून ते पिवळं व्हायला हवं. पण आमच्या महागड्या दिव्याखाली ते ढिम्म. शेवटी गोव्याच्या लॅबला दाखवायला मी बाटली काळ्या कागदात गुंडाळून निघालो आणि वाटेत कापडे गावी काकूकडे मुक्काम केला.

सकाळी बघतो तर बाटली देव्हाऱ्यात, कागद गायब, शेजारी समई पेटलेली. आणि आत पिवळंधमक!

“काकू, काय केलंस गो हे?”

“नवं काय पन घरात आलं की आधी देवापुढं. मग भात असो नायतर तुजं औषद.”

मी घाबरत लॅबच्या सरांना फोन केला. सर नाचायचेच बाकी होते. “समई? किती वाती? पुन्हा करा! एकदाच झालेलं विज्ञान मानत नाही.”

परत येऊन लॅबमध्ये समई लावली. ढिम्म. मग ताजी लाल बाटली घेऊन सर स्वतःच कापड्याला आले. काकूने बाटलीकडे पाहिलं आणि म्हणाली, “ह्ये दाखवलंय की देवाला.”

“ही नवी आहे, काकू,” मी म्हणालो.

“बाटली नवी, माल तोच. नव्याचा निवेद एकदाच असतो रे.”

सरांनी हात जोडले. “काकू, आमच्या शास्त्रात तीनदा तरी दाखवावं लागतं हो.”

काकूने त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

“तीनदा? लय विसराळू हाय वो तुमचा देव!”