गल्लीत पहिला

हसा, हसा! तुमचं काय जातंय हसायला? बाटली तुमच्या हातात नव्हती! सकाळी सकाळी, डोळे अजून धड उघडलेले नाहीत, बाहेरून सून दारावर टकटक करतेय, 'बाबा, काठोकाठ भरू नका हां, झाकण लागलं पाहिजे,' आणि आतून सासरा 'हो बाळ' म्हणतोय... हेडमास्तर म्हणून रिटायर झालेल्या माणसावर काय ही वेळ! पण तुम्हाला सांगतो, बाटली बिचारी काय करणार, सगळा घोळ माझ्या मास्तरकीने घातला. कारण एक गोष्ट मी आजही छाती ठोकून सांगतो, माझ्या हाताखालचा एकही पोरगा कधी नापास झाला नाही. एकही नाही!

आता झालं काय, आमच्या गल्लीच्या टोकाला एक शेड आहे. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतलं वितळवायचं, आणि धूर आमच्याकडे सोडायचा, असा त्यांचा धंदा. सूनबाईने त्या शेडवरून ऑफिसांच्या पायऱ्या झिजवल्या. का? तर आमची नात, पिंगी. चार वर्षांची पोर, दिवसभर नुसता धुडगूस घालायची, ती हल्ली दोन उड्या मारल्या की बसते. पोट दुखतं म्हणते. आणि ऑफिसात गेलं की साहेब चष्म्यावरून बघत, 'ताई, धूर तर सगळीकडेच असतो. पुरावा काय?' शेवटी आरोग्यखात्याने ठरवलं, की गल्लीतल्या माणसांच्याच अंगात काय काय साठलंय ते मोजायचं. मर्यादेबाहेर निघालं, तर शेड वस्तीतून हलणार, आणि शहरातल्या असल्या सगळ्याच शेडसाठी नियम होणार. म्हणजे बघा, केवढी गोष्ट! आणि ती कशावर अवलंबून? आमच्या लघवीवर!

खात्याच्या बाई आल्या, गच्चीवर सगळ्यांना जमवलं, आणि शांतपणे म्हणाल्या, 'शिसं, कॅडमियम असले धातू शरीरात साठतात, ते लघवीत उतरतात. तुम्ही काही वेगळं करू नका. नेहमीसारखं खा, नेहमीसारखं प्या, आणि रविवारी सकाळची पहिली लघवी या बाटलीत द्या. बस्स.' आता इतकं सोपं सांगितल्यावर माणसाने गप्प घरी जावं की नाही? पण मी हात वर केला. 'बाई, मर्यादेच्या आत यायला किती पाहिजे?' बाईंनी एक आकडा सांगितला... आणि माझ्या डोक्यात घंटा वाजली हो, शाळेची! गल्ली, रविवार, आकडा, निकाल! शेड गेली कुठल्या कुठे, माझ्या डोळ्यासमोर नुसती बाकं दिसायला लागली.

मी जादा तास घेतला. खरंच सांगतो, बाई गेल्यावर त्याच गच्चीवर! 'लक्ष द्या सगळ्यांनी. शनिवारी संध्याकाळपासून पाणी. तहान लागो न लागो, पाणी. रात्री गजर लावून उठायचं, पुन्हा पाणी. सगळं धुऊन निघालं पाहिजे!' गल्लीतला शिंपी म्हणतो, 'सर, पण बाई तर म्हणाल्या, नेहमीसारखं...' मी म्हटलं, 'परीक्षेच्या आदल्या दिवशी नेहमीसारखं वागणाऱ्यांचं काय होतं, माहितेय ना? माझ्या हाताखालचा एकही नापास झालेला नाही!' मान डोलावली बिचाऱ्याने. सूनबाई तिथे नव्हती, पिंगीला झोपवायला गेली होती, नाहीतर माझा तास तिथेच सुटला असता. शनिवारी रात्री तिला आणि पिंगीला ग्लासावर ग्लास मीच दिले, 'पोटाला बरं असतं' म्हणत. आणि आमची ही? ही म्हणाली, 'मला नाही जमायचं बाई. रात्री उठून पाणी प्यायचं आणि मग पहाटेपर्यंत फेऱ्या घालायच्या? तुम्हीच घाला.' मी मनात म्हटलं, जाऊ दे, वर्गात एखादा ढ असतोच.

रविवारी काय देखावा होता! गल्लीभर सगळे तारवटलेल्या डोळ्यांनी बाटल्या घेऊन उभे, आणि मी एकेक बाटली उजेडात धरून बघतोय. 'वा! सुंदर! अगदी नळाच्या पाण्यासारखी!' शिंप्याची पाठसुद्धा थोपटली मी.

आठवड्याने बाई आल्या त्या तणतणत. 'अहो, काय केलंत काय तुम्ही लोकांनी? नमुने इतके पातळ, की मोजणं अशक्य! सगळे बाद! मी काय लिहू आता अहवालात?' सगळी गल्ली माझ्याकडे बघायला लागली. शिंपी म्हणाला, 'सरांनी शिकवलं तसंच केलं.' तेवढ्यात शेडचा मालक, कुठून उगवला देव जाणे, हसत हसत म्हणतो, 'बघा, मी सांगत होतो ना? काही सापडलंच नाही!' एकच नमुना धरला गेला होता, आमच्या हिचा. आणि तो मर्यादेच्या वर. पण एका बाईच्या बाटलीवर कुठे नियम होतात?

सूनबाई ओरडली असती ना, तर बरं झालं असतं. पिंगी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती, तिच्या केसांतून हात फिरवत बसली नुसती. तुम्हाला सांगतो, इन्स्पेक्टरसमोर कधी मान खाली गेली नाही माझी, त्या दिवशी गेली. लाज वाटली. फार लाज वाटली.

मग बाईंच्या हातापाया पडलो. त्यांनी दुसरी फेरी दिली, पण अट घातली, 'सर, तुम्ही कुणालाही काहीही शिकवायचं नाही!' आता आली का पंचाईत? दारोदार जाऊन सांगतोय, 'पाणी नका पिऊ... म्हणजे प्या हो, पण नेहमीसारखं प्या!' तर आतून आवाज, 'सर, नेहमीसारखं म्हणजे किती ग्लास?' माझेच विद्यार्थी!

निकाल लागला. पुन्हा गच्ची, पुन्हा सगळे. बाई म्हणाल्या, जवळजवळ सगळी गल्ली मर्यादेच्या वर आहे, शेड हलवायचा हुकूम निघतोय, नियमाचंही काम सुरू झालंय. टाळ्या! सूनबाई रडतेय, ही तिला धरून उभी. आणि मग बाईंनी माझ्याकडे बघून हळूच विचारलं, 'सर, तुमचा आकडा गल्लीत सगळ्यात जास्त आहे. तुम्ही शेडमध्ये कामाला होता का?' मी? शेडमध्ये? छे! मी फक्त रोज सकाळी मोकळ्या हवेत दीर्घ श्वसन करतो. 'कुठे करता?' कुठे म्हणजे... शेडच्या मागच्या भिंतीशी. सावली असते ना तिथे. थंडीत भिंतही छान गरम लागते...

आणि पिंगी, सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात, 'मी पण जाते आजोबांबरोबर! आजोबा म्हणतात, ओढ श्वास, अजून खोल, अजून खोल!'

...तुम्ही हसायचं का थांबलात? हसा हो.

शेड गेली. पिंगी आता पुन्हा उड्या मारते, मोजत नाही कुणी. दर वर्षी तपासणी आहे. बाई म्हणाल्या, पोरीचा आकडा उतरेल हळूहळू, तुमचं मात्र वर्षानुवर्षांचं साठलेलं आहे सर, ते लवकर हलायचं नाही. आयुष्यभर मी पोरांचे कान पिळले, पहिला ये, पहिला ये... आणि आता रोज सकाळी, घरातच, खिडकी लावून, हात जोडून म्हणतो, माझी नात गल्लीत शेवटची येऊ दे. आणि पहिल्या नंबरची काळजी नको. तिथे मी बसलोय. आयुष्यात पहिल्यांदाच पहिला आलोय, इतक्यात कोण उठवतंय मला!