छतात सोडलेली वाफ

सन्माननीय अध्यक्ष महोदय, आमची घरं बांधणाऱ्या कंपनीचे संचालक साहेब, त्यांच्या शेजारी बसलेले देखभाल विभागाचे प्रमुख, व्यासपीठावरील इतर मान्यवर, आज ज्यांच्या निवृत्तीसाठी आपण जमलो त्या अभियंता बाई, पहिल्या रांगेत संकोचून बसलेले त्यांचे यजमान, आणि माझ्या गल्लीतल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनो, सर्वांना माझा नमस्कार.

रहिवाशांच्या वतीने दोन गोड शब्द बोलायला मला उभं केलंय. संयोजक मघाशी कानात म्हणाले, "ताई, थोडक्यात." थोडक्यातच बोलते. गोडाची खात्री नाही.

आत्ता इथे बाईंच्या शांत स्वभावाचं फार कौतुक झालं. मी ऐकत होते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती. का, ते सांगते.

आम्ही ही घरं घेतली तेव्हा विक्रीवाला म्हणाला होता, "ताई, हे घर नाही, थर्मास आहे!" खरंच होतं ते. भिंतीत थंडी अडवायला हातभर जाड कापूस, खिडक्यांच्या कडांना पट्ट्या, वायरींची भोकंसुद्धा बुजवलेली. बाहेर हाडं गोठवणारी थंडी असली तरी आत हीटर नावापुरता. हवाबंद घराला माझा विरोध नाही, साहेब. पण थर्मासात चहा राहतो, आणि घरात माणसं. माणसं श्वास घेतात, स्वयंपाक करतात, अंघोळ करतात. त्या सगळ्याची वाफ होते. फटी बुजवल्यात ना? मग त्या वाफेला बाहेर जायची वाट ठेवायला नको?

वाट होती म्हणे. न्हाणीघराच्या छताला एक पंखा होता. तो घरघरायचा. आम्हाला वाटायचं, चाललंय काम.

पहिल्याच हिवाळ्यात माझ्या सासूबाईंच्या खोलीत, पलंगाच्या वर, काळा डाग उमटला. पुसला, रंगवला, परत आला. मग भिंत ओली लागायला लागली. सासूबाईंचा खोकला थांबेना. आम्ही तक्रार केली, आणि हे देखभालप्रमुख साहेब स्वतः आले. हो साहेब, तुम्हीच. बूट न काढता आलात. मला विचारलंत, "तुमचा धंदा काय?"

मी म्हटलं, "कपडे धुऊन इस्त्री करून देते."

"मग बरोबर! तुमचा धंदाच वाफेचा."

"अहो, दुकान बाजारात आहे. घरी मी रुमालसुद्धा वाळत घालत नाही."

मग तुम्ही न्हाणीघरात डोकावलात, तिथली बसून अंघोळ करायची खुर्ची बघितलीत, आणि सासूबाईंच्या समोर, त्या ऐकत असताना, आमच्या ह्यांना म्हणालात, "आजींना जरा आवरा. म्हातारी माणसं तासन्‌तास गरम पाण्यात बसतात, आणि नाव आमच्या बांधकामाचं खराब होतं."

सासूबाईंचे गुडघे संधिवाताने धरलेले. सकाळचं गरम पाणी हे त्यांचं औषध. त्या पाण्यानंतरच त्यांना जिना उतरता यायचा.  दुसऱ्या दिवसापासून त्यांनी अंघोळ बंद केली. ओल्या फडक्याने अंग पुसून घ्यायच्या, तेही गार पाण्याने. आम्ही हातापाया पडलो. हे म्हणाले, "आई, अगं भिंत गेली खड्ड्यात, तू अंघोळ कर." त्या म्हणाल्या, "नको रे. तू एवढं हौसेनं घर घेतलंस, आणि मी ते नासवलं."

सभागृहातल्या सुनांनो, लेकींनो, मला सांगा, हे वाक्य कुठल्या डब्यात बंद करून ठेवायचं असतं?

थंडी वाढली, गुडघे आखडले, जिना सुटला. शेवटी त्या माझ्या नणंदेकडे राहायला गेल्या. जाताना म्हणाल्या, "आता सुकेल तुमची भिंत."

सुकली नाही. उलट छताला पोपडे धरले. मी पुन्हा कंपनीत जाऊन आवाज चढवला, तेव्हा कुठे बाईंना पाठवलं. आमच्या गल्लीत यांना 'टॉर्चबाई' म्हणतात, कारण नमस्काराआधी टॉर्च बाहेर येतो. त्यांनी मला कोण, काय, धंदा कुठला, काही विचारलं नाही. पंखा लावला आणि कागदाचा कपटा वर धरला. तो जाळीला चिकटला.

"ओढतोय तर नीट," त्या म्हणाल्या. "मग सोडतोय कुठे?"

मला गरम पाणी सोडायला सांगून त्या बाहेर गेल्या. बाहेरच्या भिंतीत पंख्याची हवा सोडायला जाळी आहे. तिच्यापाशी त्या हातमोजा काढून, तळहात धरून उभ्या राहिल्या. आत न्हाणीघर वाफेनं भरलं, आणि त्यांच्या हाताला वाऱ्याची झुळूकसुद्धा लागेना. नाक लाल करून परत आल्या आणि म्हणाल्या, "शिडी आहे?"

छताचं झाकण उघडून त्या वरच्या पोकळीत गेल्या. टॉर्च फिरवून बघितलं. मग मला वर बोलावलं. पंख्याची नळी जाळीला जोडलेलीच नव्हती! छतात, कापसावर, तोंड उघडं टाकून पडली होती. आमच्या घरातली सगळी वाफ बाहेर जायच्या ऐवजी छतात सोडली जात होती. वरच्या गार फळ्यांना लागून तिचं पाणी होत होतं, आणि ते पाणी सासूबाईंच्या खोलीवर उतरत होतं. फळ्या काळ्या पडल्या होत्या. बाईंनी बोट लावलं, तर लाकूड खरवसासारखं दबलं.

बाईंनी तिथूनच या देखभालप्रमुख साहेबांना फोन लावला. मी शिडीवर होते, मला ऐकू येत होतं. साहेब म्हणाले, "नळी जोडा, झाकण लावा, आणि शेजाऱ्यांपाशी काही बोलू नका."

बाई म्हणाल्या, "साहेब, घरांची सगळी रांग एकाच मिस्त्रीच्या हातची आहे. बाकीची छतं उघडायला हवीत."

साहेबांनी फोन ठेवला. आमची नळी जोडली गेली. बाकीच्यांना सूचना आली, 'अंघोळीनंतर खिडकी उघडी ठेवावी.' हवाबंद घराची खिडकी, हिवाळ्यात! आणि बाईंना कोठारात बसवलं, स्क्रू मोजायला. आज त्याच कोठारातून त्यांना निवृत्त करताय, आणि म्हणताय स्वभाव शांत. अध्यक्ष महोदय, शांत आणि गप्प बसवलेला, यांतला फरक मराठी माणसाला कळतो.

पण एक गोष्ट बाई सोडून या व्यासपीठावर कुणालाच ठाऊक नाही; मला ती नणंदेनं सांगितली. सुट्टीच्या दिवशी, स्वतः बस पकडून, बाई माझ्या नणंदेच्या घरी गेल्या. सासूबाईंच्या पलंगाशी बसल्या. म्हणाल्या, "आजी, मी घर बांधणाऱ्यांकडून आलेय. चूक आमची होती. तुमच्या पाण्याची नव्हती."

सासूबाई पलंगावर उठून बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी आता अंघोळ करू?"

नणंदेनं पाणी तापवलं. बाई दाराबाहेर थांबल्या होत्या. आतून रडल्याचा आवाज आला, मग पाण्याचा.

सासूबाईंचे गुडघे काही सुटले नाहीत. त्या आता जिना चढत नाहीत, चढणारही नाहीत. पण आमच्या घरी परत आल्यात, खालच्या खोलीत राहतात, आणि मनसोक्त गरम पाण्याने अंघोळ करतात. देखभालप्रमुख साहेब, त्यांची माफी मागायला तुम्ही अजून आलेला नाहीत. या. मात्र बूट बाहेर काढून या.

बाई, तुमच्याबद्दल मला सजवून बोलता येत नाही. एवढंच सांगते. उद्यापासून तुमच्यावर कुणाचा हुकूम नाही. उद्या सकाळी तुम्ही आमच्या गल्लीत चहाला येताय, हे आपलं ठरलंच आहे. संचालक साहेब, ते तुम्हालाही कळावं म्हणून जाहीर सांगते. चहा झाला की पहिल्या घरापासून छतं तपासायला सुरुवात. प्रत्येक घराने आपापलं छताचं झाकण मोकळं करून ठेवलंय. तुम्ही आलात तर शिडी धरायला जागा आहे.

मला बोलू दिलंत, मधे थांबवलं नाहीत, याबद्दल संयोजकांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात माझ्याकडून शब्द कमीजास्त झाला असेल, तर तो पोटात घाला. छतातलं मात्र कुणी पोटात घालू नका. नमस्कार.