बोडको चाफो

चाफ्यात देव वसतो असं आमच्या मालवणकडे सगळे सांगतात, आणि माझ्या संसाराचा निवाडाही त्या देवानेच केला असं समजतात. मी शिरोड्याची, बाप किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणारा, लग्न होऊन इथे आले ती मार्गशीर्षात. सासरे गलबतावर तांडेल, त्यांना मी मामांजी म्हणते. त्यांनी मी यायच्या आधी, त्याच वर्षी वैशाखात कुठल्याशा बंदरावरून चाफ्याची फांदी आणून अंगणात रोवलेली, पावसात ती पानांनी भरली, सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायच्या. आणि काय सांगू तुम्हाला, माझी हळद उतरली नाही तोवर पानं पिवळी पडून गळायला लागली, पौषात नुसत्या काठ्या उरल्या, बोटं छाटल्यासारख्या. सासूबाई म्हणाल्या, हिचो पायच वायट, आज झाड सुकला, उद्या माझो झील सुकतलो. झील, म्हणजे माझा नवरा, खाली बघून जाळं विणत राहिला.

शेवटी ठरलं, देवाला कौल लावायचा. मूर्तीला पाण्याने दोन पाकळ्या चिकटवायच्या, उजवी आधी पडली तर मला माहेरी धाडायचं, कायमचं. सगळा गाव देवळात जमला. गावचे मानकरी गाऱ्हाणं घालू लागले, बा देवा म्हाराजा, ह्या घरात सून इली, व्हय म्हाराजा, चाफो सुकलो, व्हय म्हाराजा, तिचो पाय वायट आसात तर तिका म्हायेराक धाडूचो हुकूम दी, आणि लहानपणापासूनची सवय बघा, सगळ्यांबरोबर मीपण ओरडले, व्हय म्हाराजा. ओरडले आणि पदराने तोंड दाबलं.

उजवी पाकळी सुटत आली होती. मामांजी एवढा वेळ दारात बसून बाहेर बघत होते, देवळापुढे जुना चाफा आहे, ते उठले आणि गाऱ्हाण्याच्याच सुरात म्हणाले, बा देवा म्हाराजा, तुझ्या दारातलोय चाफो बोडको झालो, तुझ्याकडे खंयची सून इली? गाव म्हणाला, व्हय म्हाराजा! मग कोणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच, मानकरी ओरडले, गप रवा रे, आणि त्या गलक्यात पाकळी पडली ती उजवी की डावी कोणी बघितलीच नाही. गुरव म्हणाला, देवान सुनेक ठेवूक सांगल्यान.

चैत्रात पानांआधी फुलं आली, पांढरी, पोटात पिवळी. सासूबाईंनी पहिलं फूल माझ्या केसांत खोवलं आणि गावभर सांगितलं, गाऱ्हाणा फळला. आता मला दोन मुलं आहेत, देव त्यांना आयुष्य देवो. चाफा दर पौषात बोडका होतो, सासूबाई दर पौषात देवाला नारळ ठेवतात, आणि दर चैत्रात गाऱ्हाणं फळतं.