पांढऱ्या पत्र्याचा वर्ग

(जळगाव. भर दुपार. शाळा सुटून तास झालाय, घर गप्प आहे. स्वयंपाकघरात डब्याचं झाकण ठण्णकन पडतं.)

कमलबाई : काय पडनं वो, मेघा?

मेघा : काही नाही अक्का, रूपाचा डबा. अगं, गूळ-तुपाची पोळी तशीच परत?

रूपा : ती बाजूच्या वर्गातल्या सादियासाठी होती. ती मधल्या सुट्टीआधीच घरी गेली. नाकातून रक्त आलं तिच्या.

मेघा : रक्त? कधी?

रूपा : गणिताच्या तासाला. वहीवर पण पडलं म्हणे. बाईंनी डोक्यावर पाणी थापलं.

कमलबाई : घोळणा फुटना व्हई. पत्राखाले पोरं भाजाई ऱ्हायनात, दुसरं काय!

रूपा : आमचा वर्ग नाही भाजत, आजी. आमच्या पत्र्यावर मम्मीच्या कॉलेजच्या दादा-ताईंनी चुना लावलाय ना.

कमलबाई : मंग सादियाना वर्गले का बरं नही लाया? चुना सरी गया का?

मेघा : आहे की. दोन पोती पडून आहेत. पण एक छत पांढरं, एक तसंच, असं मुद्दाम ठेवलंय. दोन्हीकडे तापमापक आहेत, माझे विद्यार्थी रोज आकडे लिहून घेतात. उद्या हीच मुलं घरं, शाळा बांधणार. ऊन असंच वाढत जाणार. फरक स्वतः मोजला तरच पटतो त्यांना.

कमलबाई : किती फरक शे?

मेघा : काल पाच अंश.

कमलबाई : मंग दिसना ना! आते कसानी वाट देखतस?

मेघा : महिनाभराचे आकडे लागतात, अक्का. अजून अकरा दिवस.

कमलबाई : साक्रीले आमी दरसाल घरना मातीना छतवर, धाबावर, नवी माती टाकूत. शेजारीनं धाबं मुद्दाम उघडं ठेईसन, पानी कसं गळस, ते देखाले कोन्ही बसे नही, माय.

मेघा : ...रूपा, माझा फोन दे गं. हॅलो, दीपक? कॉलेजातल्या आपल्या सगळ्यांना सांग, पाचला रूपाच्या शाळेत या. चुना, ब्रश, शिडी. हो, दुसरं छत, आजच. राहू देत आकडे अर्धवट. का थांबलो, तेही अहवालात लिहायचं. नाही, ते मीच लिहिते.

रूपा : मी येऊ? मी पण लावेन चुना.

मेघा : ये. पण शिडीला हात लावायचा नाही, खालूनच बघायचं.

रूपा : आणि मम्मी, आधी आमचाच वर्ग पांढरा करायचा, हे कोणी ठरवलं होतं?