कानटोपी

दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक वयस्कर जोडपं बसलं होतं.

"आत गेल्यावर डॉक्टरांना खरं सांग. गोळी सोडलीयेस तू."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"पंख्याने. गोळी घ्यायचीस तेव्हा अंगाची लाही लाही व्हायची तुझ्या, पंखा रात्रभर फुल. आता महिनाभर बंदच आहे."

"सांधे धरायचे हो. आणि तुम्ही शेजारी कानटोपी घालून कुडकुडायचात, ते बघवेना. छातीतली गाठ तर काढलीये ना?"

"ती परत येऊ नये म्हणून तर गोळी. पाच वर्षं घ्यायचीये."

"म्हणजे अजून तीन वर्षं कुडकुडणार तुम्ही?"

"तोच विचार करतोय. ही कानटोपी काही तेवढी टिकायची नाही. जाताना दुसरी घेऊ."