बोलणं दाखवणारा चष्मा

तू अजून बाजारात न आलेला फोन आधीच बुक करतोयस म्हणून सांगते. माझ्या वडिलांसाठी, आबांसाठी, मी असाच एक चष्मा बाजारात यायच्या आधी बुक केला होता. समोरचा माणूस बोलेल ते काचेवर अक्षरांत उमटणार, असं कंपनीचं म्हणणं होतं. खंडाळ्याला रेल्वेत नोकरी करता करता आबांचे कान गेले होते आणि कानातल्या मशीनचाही उपयोग होत नव्हता. म्हणून मी सगळे पैसे आधीच भरून टाकले.

मग दर महिन्याला कंपनीची मेल यायची, की पुढच्या महिन्यात नक्की. नंतर मेलही बंद झाल्या आणि फोन लागेना. मी रडकुंडीला आले. उलट आबाच मला समजवायचे, "यील गं. न्हाई आला तर न्हाई. तू हितं समोर बस आन् सावकाश बोल."

तेव्हापासून आई आणि मी त्यांच्यासमोर बसूनच बोलायला लागलो. हळूहळू आबा ओठांवरून बरंच ओळखायला लागले.

दीडेक वर्षानं चष्मा आमच्या मळवलीच्या घरी आला. आई समोर बसून म्हणाली, "दिसतंय का काय?"

आबांनी ते जसंच्या तसं वाचून दाखवलं. मला हायसं वाटलं. पण थोड्या वेळानं त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"काय झालं, आबा?"

"अक्षरं चांगली दिसत्यात. पण ती वाचताना हिचं तोंड बघायचं राहून जातंय."

आता ते घरात चष्मा घालत नाहीत. फक्त ग्रामसभेला घालून जातात. म्हणतात, "तितं कुनाचं तोंड बघायचंय?"