छे छे, काही नाही झालं!

...आणि वर मलाच विचारतात, 'असे कसे पडलात हो?' आता तुम्हीच सांगा, पडायचं कसं याचा काय क्लास असतो? किराणा दुकानातली फरशी ओली होती, पाय सटकला, पडलो! 'फरशी ओली आहे' अशी पाटी होती, नाही असं नाही, पण ती दाराआड, भिंतीकडे तोंड करून! का, तर म्हणे गिऱ्हाइकांसमोर बरी दिसत नाही. बरं, माझ्या डाव्या हातात तीस अंड्यांचा ट्रे, तो वरच्या वर धरला. अंडं एक फुटलं नाही, पण उजवं मनगट... कट्! अहो मी शिंपी, तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं याच मनगटावर कात्री चालली, घर चाललं. आणि आडवा पडल्या पडल्या मी म्हणालो काय? 'छे छे, काही नाही झालं!'

सवय हो! चारचौघांत पडलं की आपल्याला लागतच नाही! मॅनेजर धावत आला, 'काका, लागलं का?' 'छे छे, काही नाही झालं!' वर फरशी पुसणाऱ्या बाईंना म्हणालो, 'सॉरी हं, तुमची पुसलेली फरशी खराब केली.' त्या मॅनेजरने लगेच वही पुढे केली. 'मग तेवढं लिहून द्या ना काका, नुसती फॉर्मॅलिटी!' दिलं! उजवा हात उचलेना, म्हणून डाव्याने सही ठोकली.

घरी येईपर्यंत मनगट टम्म! दोन हाडं मोडलेली. डॉक्टर म्हणाले, 'कात्री सहा महिने विसरा.' मी घाबरलो हो, खरंच घाबरलो. बायकोची धाकटी बहीण वकील, ती कपाळाला हात लावून बसली. 'भावजी, लेखी दिलंत? आता भरपाई कोण देणार?' मग दुकानाने पाठवलेला वहीतल्या पानाचा फोटो बघून एकदम उठलीच! 'ही सही? शाईत पडलेलं झुरळ चाललंय जणू! धडधाकट माणूस डाव्या हाताने सही कशाला करेल?' म्हणजे आशा होती!

तेव्हापासून दोघी बहिणी रोज माझी उजळणी घ्यायच्या. 'पडलात, काय कराल?' 'जागेचा फोटो, बघणाऱ्यांचे नंबर, लगेच डॉक्टर.' 'आणि तोंड?' 'बंद!' 'कोणी कसं आहे विचारलं तर?' 'दुखतंय!' पाठ हो, अगदी झोपेत विचारा!

परवा तडजोडीची बैठक होती. दुकानाचा वकील म्हणजे काय सांगू, देवमाणूस! उठून मला खुर्ची दिली, पाणी मागवलं, आणि इतक्या मायेने विचारलं, 'आता कसं आहे मनगट?' आता एवढ्या भल्या माणसाला वाईट कसं वाटू द्यायचं? प्लास्टरमधला हात टेबलावर ठेवून मी म्हणालो, 'छे छे, विशेष काही नाही!'

त्याने ते लिहून घेतलं. मेव्हणीने डोळे मिटले. आणि बायकोने टेबलाखालून माझ्या अंगठ्यावर टाच अशी हाणली, अशी हाणली, की नखच गेलं! 'आई गं!' मी ओरडलो. तो भला माणूस घाबरून उठला, 'काय हो, लागलं का?'

डोळ्यांत पाणी... बायको माझ्याकडे बघतेय... मेव्हणी माझ्याकडे बघतेय... आणि तुम्हाला सांगतो, मी हसलो.

'छे छे, काही नाही झालं!'